क्रूसापुढच्या कंदिलात तुपाची वात

मित्रांनो, मला जुना म्हणा, गंजका म्हणा, मी रागावणार नाही. फक्त डबा म्हणू नका. मी कंदील आहे. गिरगावातल्या आमच्या वाडीच्या तोंडाशी एक दगडी क्रूस आहे. त्याच्यापुढे लोखंडी आकड्याला मी टांगलेला असतो. चार बाजूंना चार काचा, धूर जायला वर जाळीची टोपी, आणि एका काचेला बिजागरी लावून केलेलं एवढंसं दार. आत मेणबत्ती उभी राहते आणि वाऱ्याने कितीही आगाऊपणा केला तरी ती विझत नाही. एवढंच माझं काम, पण ते मी चोख करतो.

आता लपवून काय उपयोग, माझा पत्रा तेलाच्या डब्याचाच आहे. नळबाजारातल्या एका कारागिराने तो कापला, ठोकला, सांध्यांना डाग दिला आणि मला रूप आलं. मला बनवून घेतलं आमच्या वाडीतल्या आल्विनने. त्याचं तेव्हा नवीनच लग्न झालं होतं. चौपाटीवरून येणारा वारा क्रूसाच्या पायरीवरच्या मेणबत्त्या रोज विझवायचा, म्हणून त्याच्या बायकोने, फ्लोरीने, त्याच्यामागे लकडा लावला होता. तिने मला हातात घेतलं, माझं दार उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाली, "बेस झालाय रे!" जन्माला आल्यावर मी ऐकलेली ती पहिली शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.

हा क्रूस माझ्यापेक्षा खूप मोठा. प्लेगच्या साथीत वाडीतल्या जुन्या माणसांनी तो उभारला असं सगळे सांगतात. साथ गेली, पण माणसांची मागणी काही थांबली नाही. माझ्या उजेडात उभं राहून लोक काय काय मागतात म्हणून सांगू! कोणी तापापासून सांभाळ म्हणतो, कोणी घरमालकापासून. कोणाला नवऱ्याच्या दारूची धास्ती, कोणाला सुनेच्या तोंडाची. समोरच्या चाळीतल्या मृणालिनीबाई हिंदू, पण मुलाच्या, शंतनूच्या, परीक्षेच्या दिवसांत त्याही चप्पल बाजूला काढून हात जोडायच्या. एक गृहस्थ तर दर सोमवारी "देवा, आजचा दिवस साहेबापासून वाचव" असं म्हणून कडक इस्त्रीच्या शर्टात त्याच साहेबाकडे कामाला जायचे. मला या माणसांचं फार कौतुक वाटतं. भीती पोटात ठेवून ती रोज घराबाहेर पडतात. आम्हा कंदिलांना एक वारा सोडला तर भ्यायचं काही नसतं, म्हणून आमच्या शौर्याला तसा काही अर्थ नाही.

मे महिना म्हणजे माझा थाटाचा महिना. रोज संध्याकाळी अख्खी वाडी क्रूसापाशी जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. पोरांचं लक्ष प्रार्थनेपेक्षा उकडलेल्या चण्यांच्या पातेल्याकडे. फ्लोरी त्याआधी माझ्या काचा राखेने घासून, धुऊन, कोरड्या फडक्याने अशा लख्ख करायची की काच आहे की नाही असा प्रश्न पडावा. "फ्लोरीचा कंदील बघा," असं म्हातारी माणसं म्हणायची. मी फुगायचो. पत्र्याला जेवढं फुगता येतं तेवढा.

पुढे आल्विन गेला. त्यांची मुलगी ओलिव्हिया लग्न होऊन कॅनडाला गेली. फ्लोरी घरात एकटी राहिली. भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात तिचा धाकटा दीर कायतान, तोही एकटाच. पूर्वी ते एकच घर होतं. मध्ये भिंत आली तरी मागचा व्हरांडा अजून दोघांचा एकच आहे. कायतान बंदरात वायरमन होता. रिटायर झाल्यावर हातांना काम नाही, म्हणून त्याने क्रूसाभोवती विजेच्या बत्त्यांची माळ लावली. अंधार पडला की आपोआप लागते, उजाडलं की आपोआप विझते.

"वयनी, आता काढ तो डबा," तो फ्लोरीला म्हणाला.

"कंदील राहील," फ्लोरी म्हणाली.

"अगो, पण कशाला? उजेड कमी पडतो काय तुला?"

"कंदील राहील म्हटलं ना. आणि डबा कोणाला म्हणतोस? तुझ्या भावाने आणलाय तो."

झालं. कायतानच्या नाकावर राग आणि फ्लोरीच्या जिभेवर धार. त्या दिवसापासून दोघांचा अबोला सुरू झाला. तो व्हरांड्यात आला की ही आत, ही दारात दिसली की तो पाठ फिरवणार. सगळ्या वाडीने समजूत घालून पाहिली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

खरं सांगतो, त्या माळेपुढे माझं तेज कोणाला दिसेना. येणारेजाणारे सवयीने कपाळाला हात लावायचे आणि पुढे जायचे. माझ्याकडे रोज निरखून बघणारा वाडीत एकच माणूस उरला होता, आणि तो म्हणजे कायतान. संध्याकाळी पाव घेऊन परतताना तो थांबायचा, माझ्याकडे वाकडा डोळा करून "डबा" म्हणायचा आणि घरी जायचा.

मग वाडीत एक वाईट गोष्ट घडली. टोकाच्या घरात एलिना नावाची एकटी बाई राहायची. तिला चोरांची फार भीती. खिडक्यांना जाळ्या, दाराला साखळी, वर दोन कड्या, असा सगळा बंदोबस्त. ती घरातच वारली आणि कोणाला पत्ताच लागला नाही. कळलं तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते, आणि तिनेच हौसेने लावून घेतलेल्या कड्या तोडायला सुतार आणावा लागला.

त्या संध्याकाळी फ्लोरीने माझं दार उघडून मेणबत्ती लावली, पण ती लगेच गेली नाही. क्रूसाच्या पायरीवर बसली आणि हळूच बोलू लागली. दुसरं कोणीच जवळ नव्हतं.

"कायतानची बत्ती लय शाणी. आपोआप लागते. उद्या मी आत पडले असले तरी ती लागणार. हा कंदील माझ्याशिवाय लागत नाही. एखाद दिवशी काळोखा दिसला, तर कोण तरी म्हणेल, आज फ्लोरी कुठे गेली? येऊन दार ठोकेल. मला मरणाची भीती नाही रे देवा. एलिनासारखं पडून राहायची भीती वाटते."

मित्रांनो, हे ऐकून माझ्या काचेच्या आत काय झालं ते मला सांगता येणार नाही. मला वाटायचं ती नवऱ्याच्या आठवणीसाठी मला जपते. ते होतंच, पण तिने माझ्यावर याहून मोठी कामगिरी सोपवली होती. दारात सतत चौकशीला कोणी आलेलं तिला खपत नसे, म्हणून हे तिने कोणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून मागच्या व्हरांड्याचं दार मात्र ती झोपेपर्यंत नुसतं लोटून ठेवू लागली. केवढी हुशार बाई! कोणापुढे हात न पसरता तिने आपल्यापुरती राखण उभी केली होती.

आणि मग तो बुधवार आला. बुधवारी फ्लोरी माहीमच्या चर्चमध्ये नोवेनेच्या प्रार्थनेला जायची. त्या दिवशीही गेली आणि उन्हं उतरायच्या आत परत आली. मी तिला दार लावून आत जाताना पाहिलं. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की ती माचिस घेऊन बाहेर यायची. घंटा झाली. माळ लागली. फ्लोरीचं दार उघडलं नाही.

मी काळोखात लटकत राहिलो, आणि मला भीती वाटत होती तरी एक आशाही होती. आता कोणीतरी पाहील. आता कोणीतरी विचारील.

पाहिलं मृणालिनीबाईंनी. हातात भाजीची पिशवी, त्या माझ्यापुढे थांबल्या. "अगंबाई, कंदील नाही लागला? बुधवार ना आज, फ्लोरीआंटी माहीमहून यायच्या असतील. बस मिळाली नसेल." त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि परत फिरल्या. "इतक्या वर्षांचा नेम त्यांचा. मोडायला नको."

भराभर घरी जाऊन त्यांनी देवघरातलं निरांजन आणलं. साजूक तूप, त्यात भिजलेली फुलवात. ते माझ्या पोटात ठेवलं, दार मिटलं, हात जोडले. "आंटींना सुखरूप घरी आण रे बाबा," म्हणाल्या आणि समाधानाने निघून गेल्या.

मला ओरडावंसं वाटत होतं. बाई, विझवा हो! त्या घरातच आहेत! पण कंदिलाला तोंड नसतं. ज्या माउलीने इतक्या प्रेमाने दिवा लावला, तिच्यावर रागवू तरी कसा? तुपाची ज्योत मोठी देखणी होती. मी जन्मात इतका सुंदर दिसलो नसेन आणि इतका दुःखीही झालो नसेन. वाडीतला मॅल्कम फोनवर बोलत आला, पेटलेला कंदील पाहून कपाळाला हात लावला आणि गेला. आणखी दोघीतिघी गेल्या. सगळ्यांच्या दृष्टीने फ्लोरी ठीक होती.

तेवढ्यात पावाची पिशवी घेऊन कायतान आला. सवयीने थांबला. वाकडा डोळा केला. पण "डबा" म्हणाला नाही. त्याने नाक वर करून वास घेतला, माझ्याजवळ आला, माझं दार उघडून आत पाहिलं.

"तूप? निरांजन?" तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा काय खुलला! इतकी वर्षं भांडायला जे निमित्त हवं होतं ते आयतं हातात आलं होतं. तरातरा जाऊन त्याने फ्लोरीच्या दारावर थाप मारली.

"वयनी! बाहेर ये! माझी बत्ती तुला चालत नाही, आणि आता निरांजन चालतं काय? ये बाहेर, बोल!"

आतून उत्तर नाही. त्याने आणखी जोरात ठोकलं, आणखी मोठ्याने ओरडला. चाळीच्या गॅलरीतून मृणालिनीबाई वाकल्या.

"अहो कायतानअंकल, ओरडू नका! ते मी ठेवलंय. आंटी अजून माहीमहून आल्याच नाहीत."

कायतानचा हात दारावरच थांबला.

"आली नाही? कोण म्हणतं? दुपारीच आली ती. माझ्यासमोरून आत गेली. मी पाठ फिरवली ना तिला बघून!"

पावाची पिशवी त्याच्या हातून खाली पडली. आणि सत्तरी उलटलेला तो माणूस मागच्या व्हरांड्याकडे असा धावला की मला त्याच्या गुडघ्यांची काळजी वाटली. लोटलेलं दार त्याला माहीत होतं. घर एकच होतं ना त्यांचं.

थोड्या वेळाने पुढचं दार आतून उघडलं. कायतान रडत होता. "मॅल्कम! अँब्युलन्स बोलव! जिवंत आहे! वयनी जिवंत आहे रे!"

माझ्यासाठी मेणबत्त्यांचा नवा खोका काढायला फ्लोरी स्वयंपाकघरात स्टुलावर चढली होती. तिथून पडली, खुब्याचं हाड मोडलं. कळ इतकी की आवाज उंबऱ्यापर्यंतही पोचेना. हे सगळं मला कळलं ते ती हॉस्पिटलमधून परत आली त्या दिवशी. तिने आपली चाकांची खुर्ची आधी क्रूसापाशी थांबवायला लावली.

"पडल्या पडल्या खिडकीतून मला कंदील दिसत होता," ती म्हणाली. "काळोखा होता तोवर धीर होता. मग तो पेटला. म्हटलं, फ्लोरी, संपलं. आता कोण येतंय?"

मृणालिनीबाईंना रडू आवरेना. "आंटी, माझ्यामुळे झालं हो सगळं."

"रडते कशाला बाय? तुझं तूप नसतं, तर हा येडा माझ्या दारात भांडायला आला असता काय? आणि मी आतून ओ देत होते, पण हाच इतका ओरडत होता!"

सगळे हसले. कायतान नाही हसला. मान खाली घालून म्हणाला, "आणि मी पडलो असतो तर? मी तर कंदीलपण लावत नाही."

"रोज सकाळी तुझा रेडिओ लागतो," फ्लोरी म्हणाली. "एक दिवस लागला नसता, तर काठी घेऊन भिंत ठोकणार होते मी. अबोला होता रे आपला. माझे कान बंद नव्हते."

कायतानने खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ माझीच काच पुसत राहिला.

आता फ्लोरीला पायऱ्या उतरवत नाहीत. घंटा झाली की कायतान मला आकड्यावरून काढून तिच्या दारात नेतो. ती मेणबत्ती लावते, माझं दार मिटते, तो मला परत जागेवर टांगतो. त्याची माळही लागलेली असते, आणि आता आमचं एकमेकांशी वाकडं नाही. दोघांची भांडणं मात्र रोज होतात, वाडीभर ऐकू जातात. परवा फ्लोरीने घाईने मला धरलं, तेव्हा तो खेकसला, "हळू वयनी, कंदिलाची काच तापलीय!" कंदिलाची! ऐकलंत ना? मी कानांनी ऐकलं, म्हणजे कान असते तर.

मित्रांनो, मला पुसा, मला तेलपाणी करा, असं काही मी तुमच्याकडे मागत नाही. माझी नीट बडदास्त आहे. मागायचं ते दुसऱ्यासाठी आहे. तुमच्या मजल्यावर, तुमच्या गल्लीत एकटं राहणारं कोणीतरी असेल. त्या माणसाचा रोजचा काही नेम असेल. सकाळी उंबऱ्यावर रांगोळी, कुंडीला पाणी, ठरलेल्या वेळी लागणारा रेडिओ. तो नेम एखाद दिवशी चुकलेला दिसला, तर चांगुलपणाने तुम्हीच तो पुरा करून टाकू नका. दिवा काय, मागाहूनही लावता येतो. आधी दार वाजवा.