दम म्हणजे दमा नव्हे

सन दोन हजार चौदा, सरता हिवाळा. त्या थंडीत मला गुन्हेगार ठरवलं गेलं. मी नेब्युलायझर, दम्याच्या औषधाची वाफ करणारा. घरातले मला 'वाफेचा डबा' म्हणतात. म्हणोत.

माझा मालक बेकरीवाला. जन्मभर मैदा नाकातोंडात गेला आणि छातीत दमा बसला. दमा चढला की छातीतून शिट्टी वाजायची. मालकीण बटण दाबायची, मी घुरघुरायचो, शिट्टी थांबायची. मग मला पिठाच्या पोत्यावर टाकून सगळे कामाला. पुसायचं कुणाला सुचलं नाही.

त्या सकाळी दुकानासमोर रांग असताना मालकाचा दमा चढला. गल्ल्यावर त्याची मोठी बहीण होती. तिने मला ओढलं. दोन-तीनदा वाफ दिली, शिट्टी थांबली. पण श्वास जोरात चालूच.

"अजून दम लागलाय. घाल औषध!" बहीण म्हणाली.

"वन्सं, शिट्टी वाजत नाहीये. हा दमा नाही वाटत," मालकीण म्हणाली.

"दम म्हणजे दमाच! नवरा गुदमरतोय आणि हिला शिट्ट्या ऐकायच्यात!"

रांगेतले हसले. मालकीण मान खाली घालून माझ्यात औषध भरायला लागली. त्या अपमानाचं देणं मी बहिणीच्या नावावर तेव्हाच मांडून ठेवलं.

वाफेवर वाफ. जितकी वाफ, तितकी धाप. शेवटी बहिणीने माझ्या डोक्यात थप्पड मारली. "मेल्या, तूही आजच बिघडलास?"

मी बिघडलो नव्हतो. सांगितलं ते केलं. मला आपणहून थांबता येत नाही. बटणावर बोट तुमचं असतं!

मालकिणीने कुणाला न विचारता रस्त्यावरची गाडी थांबवली आणि मालकाला आत बसवलं. बहिणीने मलाही काखेत मारलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली. "शिट्टी नाही. हवा नीट जातेय. वाफ किती वेळा दिली?"

बहीण माझ्याकडे बघायला लागली. जणू मीच सांगणार होतो.

रक्त तपासलं. "रक्तात लॅक्टिक ॲसिड साठलंय. हे औषध जास्त झालं की कधीकधी होतं. ते आम्ल कमी करायला शरीर जोरजोरात श्वास घेतं. तुम्ही त्याला दमा समजलात आणि तेच औषध देत राहिलात. उशीर केला असतात तर दमून श्वासच थांबला असता."

माझं औषध बंद झालं. संध्याकाळी धाप उतरली. मालक म्हणाला, "जन्मभर पीठ आंबवलं, शेवटी मीच आंबलो."

कुणी हसलं नाही. मी तर मुळीच नाही.

दमा चढला तर वाफ जरूर द्या. पण दिल्यावर छातीला कान लावा. धाप उतरत नसेल तर मला बडवत बसू नका. दवाखाना गाठा.

मालक दुकानात परतला तेव्हा तशीच रांग होती. बहिणीने मला पोत्यावरून उचललं, फडक्याने पुसलं, फळीवर ठेवलं. मग मालकिणीला हाताला धरून रांगेसमोर आणलं.

"हिने त्या दिवशी बरोबर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

देणं फिटलं.