मोटरचा आवाज

“या मॅडम. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे,” लिफ्टकाका म्हणाले.

मॅडम म्हणजे त्यांची मुलगी. गच्चीवरच्या मशीनरूमचं दार बुटकं आहे हे तिला सातव्या वर्षापासून माहीत होतं. त्या वेळी ते तिला उंच वाटायचं एवढंच. आता ती अडतीस वर्षांची होती, सरकारी लिफ्ट-तपासनीस होती, आणि वडिलांनी एकतीस वर्षं सांभाळलेली लिफ्ट तपासायला आली होती. नात्यातल्या माणसाचं काम तपासू नये असा नियम आहे. तिने तो साहेबांना दाखवलाही होता. साहेबांनी नियम वाचला आणि म्हणाले, “बरंच झालं की. पत्ता शोधत बसायला नको.” तीन तपासनिसांपैकी एक रजेवर होता आणि दुसरा त्याचं काम करून दमला होता.

मग तिने स्वतःपुरता एक नियम केला. तपासणी संपेपर्यंत बाबा म्हणायचं नाही, अरेतुरे करायचं नाही. लिफ्टकाकांना हे इतकं आवडलं की ते कारण नसतानाही मॅडम म्हणत होते.

इमारतीचे सेक्रेटरीही आले होते. सातव्या मजल्यावरून एकच जिना चढायचा असतो. पण चढल्याची नोंद व्हावी म्हणून ते धापा टाकत होते.

“काकांचं काम चांगलंच आहे हो,” ते म्हणाले. त्या ‘हो’ मागे एक ‘पण’ रांगेत उभा होता. “पण आता एक कंपनी मागे लागलीय. लिफ्टला काय होतंय ते म्हणे मोबाइलवर कळतं. तुमच्या कागदावर देखभालीबद्दल एक जरी ठपका आला, तर कमिटी काकांना ठेवायची नाही. मी आपलं सांगून ठेवलं.”

“म्हणजे ठपका यावा की येऊ नये?” तिने विचारलं.

“मी सेक्रेटरी आहे. मला मत नसतं,” असं म्हणून ते खाली गेले. दोन मिनिटांनी त्यांनी सातव्या मजल्यावर लिफ्ट बोलावली. मोटर सुरू झाली.

तिची मान झटकन वळली.

मोटर खरखरत होती. खरखरीत मधूनच टक् असा आवाज होता. ऐकायला सरकारी कान लागत नव्हते. शेजारच्या गच्चीवरचं कबूतरसुद्धा उडून गेलं.

लिफ्टकाका हात मागे बांधून प्रसन्नपणे उभे होते. “लोण्यासारखी चालतेय की नाही?”

तिने कोपऱ्यातला लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. तिची आई नर्स होती, आणि शाळेला सुटी असली की बाबा तिला इथेच घेऊन यायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. मोटरच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यापेक्षा उपयोगाचं तिला कोणी काही सांगितलं नाही.

आता तिने तसाच स्क्रूड्रायव्हर टेकवला, ऐकलं आणि मूठ त्यांच्याकडे दिली. लिफ्टकाकांनी कान लावला. डोळे मिटले. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा चेहरा केला.

“उत्तम,” ते म्हणाले.

तेवढ्यात सेक्रेटरींना घेऊन लिफ्ट खाली पोचली आणि मोटर थांबली. काकांचे डोळे मिटलेलेच होते. “बघ, अजूनही आवाज नाही,” ते म्हणाले.

तिला एकदम गेलं वर्ष आठवलं. बाबा फोनवर नीट बोलत नाहीत म्हणून ती वैतागली होती. ‘धाकट्याला ताप आहे’ असं तिने सांगितल्यावर ते ‘छान, छान’ म्हणाले होते. त्यावरून ती दोन आठवडे त्यांच्याशी बोलली नव्हती. आणि बोलत नव्हती हे त्यांच्या लक्षात आलं नाही, याचाही तिला राग आला होता.

“बाबा,” ती त्यांच्या समोर जाऊन मोठ्याने म्हणाली, “कधीपासून?”

लिफ्टकाकांनी डोळे उघडले. मोटरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसून जागेवर ठेवला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

“हाताला कळतं,” ते म्हणाले. “हात ठेवला की धडधड कळते. वर्षभर तेवढ्यावर चाललं होतं.”

“आज कळलं का?”

“आज मी मॅडमच्या कौतुकात होतो.”

“आणि काल?”

काकांनी पुसलेला स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुसायला घेतला. हा प्रश्न मात्र त्यांना ऐकू गेला होता.

तिने फॉर्म काढला. एका रकान्यात लिहायचं होतं ‘नुकताच झालेला बिघाड’, दुसऱ्यात ‘देखभाल असमाधानकारक’. पहिल्यात लिहिलं तर काका राहणार होते. तिने पेन पहिल्या रकान्यावर ठेवलं आणि एकतीस वर्षांची नोकरी वाचवण्याइतकं बारीक अक्षर काढलं.

“काय लिहितेस?”

“बेअरिंग आजच गेलंय म्हणून!” ती ओरडली.

काकांनी बेअरिंगचं झाकण खोललं, बोटावर ग्रीस घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. ग्रीस काळं होतं. त्यात बारीक चकचकीत कण होते.

“लोखंड आहे हे. एवढं एका दिवसात झडत नाही. दोन महिने तरी झालेत. तुला दिसत नाही?”

“दिसतंय. पण बाबा, ते तुला काढतील रे.”

“सातव्या मजल्यावरच्या आजी रोज एकट्या खाली जातात. मोटर मध्येच अडकली तर त्यांना रकाने वाचून दाखवणार आहेस? खोड ते.”

तिने खोडलं. दुसऱ्या रकान्यात लिहिताना तिचं अक्षर बिघडलं. काकांनी चष्मा लावून मजकूर सावकाश वाचला, ‘असमाधानकारक’ शब्दावर बोट ठेवून मान डोलावली, आणि खाली मेकॅनिकच्या जागी सही केली. नेहमीसारखीच, खाली दोन टिंबांची.

मेन स्विच पाडून, दारावर ‘लिफ्ट बंद’ची पाटी लावून दोघं जिन्याने निघाले. सहावा झाला, पाचवा झाला. चौथ्या मजल्याच्या वळणावर काका पायरीवर बसले.

“दमलास?”

“नाही.” ते थोडा वेळ गुडघे चोळत राहिले. मग त्यांनी विचारलं, “कसा होता ग आवाज?”

ती त्यांच्याशेजारी बसली. मांडीवर सरकारी फाइल होती. तिने त्यांच्या कानाशी दोन्ही हातांचा द्रोण केला.

“खर्रर्र… खर्रर्र… टक्! खर्रर्र…”

तिसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं. कोणीतरी वर पाहिलं. दार हळूच बंद झालं.

काकांनी डोळे मिटले होते. या वेळी चेहरा वैद्यासारखा नव्हता. नुसतं ऐकणाऱ्या माणसासारखा होता.

“टक् ठरावीक वेळाने येतो, की मधूनच?”

“मधूनच.”

“मग बेअरिंगमधली गोळी तुटलीय एखादी. मोटरचा शाफ्ट वाचला,” ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं. “नव्या माणसाला सांग, शाफ्टला हात लावू नको म्हणावं. चांगला आहे तो.”

“सांगते.”

“परत कर बघू. जरा हळू. मोटर एवढी घाईत नसते.”

तिने फाइल बाजूच्या पायरीवर ठेवली, त्यांच्या कानाजवळ सरकली आणि पुन्हा सुरू केलं, अगदी सावकाश.