अडीचचा कनेक्टर

नळ खाकरला. दुपारच्या घरात तेवढाच आवाज. एरवी हेमा त्या खाकरण्यावरच उठायची, डोंबिवलीचं पाणी कुणासाठी थांबत नाही. आज ती बसून राहिली. समोर कोरा कागद होता आणि कागदापलीकडे तिचा नवरा त्र्यंबक, पेनाचं टोपण काढून, पेन तिच्यापुढे धरून.

"दोन ओळींचं तर काम आहे," तो म्हणाला.

नळाखाली बादली सरकवली ती मधूने. सात वर्षांची पोर, पण घरात कधी आपण उठायचं हे तिला बरोबर कळायचं.

त्र्यंबक कोलशेतच्या ज्या कारखान्यात स्टोअरमध्ये होता, तिथले सर्किट बोर्ड हेमा घरी आखून द्यायची. खाली दिवा लावलेली काच, काचेवर चौकटींची जाळी, जाळीवर पारदर्शक फिल्म. पार्टाच्या प्रत्येक पायासाठी फिल्मवर एक काळं गोल पॅड चिकटवायचं आणि पॅडापासून पॅडापर्यंत काळी टेप ओढायची. त्या फिल्मवरून बोर्ड बनायचा आणि प्रत्येक पॅडाच्या जागी त्याला भोक पडायचं. मधू तान्ही असल्यापासून हे चाललेलं. तिला मांडीवर घेऊन, तिच्या मुठीतून टेप सोडवत, ती झोपली की मगच ब्लेडला हात लावून. एकदा हरवलेलं पॅड मधूच्या कपाळावर सापडलेलं, तीट लावावी तसं. हेमाने ते काढलंच नाही, दुसरं चिकटवलं. सहा वर्षांत तिचा एकही बोर्ड परत आला नव्हता.

जाळी इंचाची होती. दोन पायांत इंचाचा दहावा भाग, म्हणजे दोन पूर्णांक चोपन्न मिलिमीटर. अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात एक परदेशी कनेक्टर आला, एका ओळीत बत्तीस पाय, आणि त्याच्या कागदावर अंतर होतं अडीच मिलिमीटर. हेमाने पट्टीची दुसरी बाजू लावून तीनदा मोजलं. शेजारी बसून मधू बोटाने पाय मोजत होती. मग हेमा कोलशेतला गेली, प्रभाकर सरांना विचारायला, कारण डिझाइन त्यांच्याकडे होतं.

सर हसले. "वहिनी, डोळ्यात घातलं तरी खुपायचं नाही एवढं अंतर आहे. घाला आपल्या जाळीवर."

एका पायाला खुपणार नाही, पण बत्तिसाव्यापर्यंत ते सव्वा मिलिमीटर होतं, हे ती सांगत होती तोवर त्यांनी फोन उचललेला. तिने जाळीवर घातलं. फक्त फिल्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं : कनेक्टर अडीचचा आहे, सरांच्या सांगण्यावरून जाळीवर घेतला.

तीनशे बोर्ड बनून आले. कनेक्टर एकातही बसेना. पहिले सात-आठ पाय आत जात, पुढचे भोकांच्या कडेवर अडून उभे. चूक कुणाची, ते मालकांनी लेखी मागितलं.

फिल्म घरी परत आली तेव्हा कोपरा स्वच्छ होता. हेमाने दिवा लावून फिल्म तिरकी धरली. पेन्सिल खोडली होती, पण दाब राहिला होता, अक्षर न् अक्षर लागत होतं. तिने ते त्र्यंबकला दाखवलं. त्याने ते वाचलं आणि मग त्यानेच दिवा मालवला. दिवाळीत त्याला कायम करायचं की नाही, ते प्रभाकर सरांच्या हातात होतं.

"तुझं काय, घरचं काम. गेलं तर गेलं," तो म्हणालेला. वर हेही, की आता मधूच्या अभ्यासाकडे बघता येईल. हे त्याने मायेने म्हटलं, आणि हेमाला तेच जास्त लागलं.

आता तिने पेन घेतलं. कारखान्यात सगळे वाखाणत त्या अक्षरात लिहिलं : कनेक्टरचे माप घेण्यात माझ्याकडून चूक झाली. खाली सही केली. त्र्यंबक पाकीट शोधायला आत गेला.

मधू ओल्या हातांनी टेबलाशी आली. नुकतीच सलग वाचायला लागलेली. शब्दांखालून बोट फिरवत तिने ओळ वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली. 'झाली'वर पाण्याचा थेंब पडून शाई फुटली. मोरीत बादली भरून वाहायला लागलेली, तरी दोघींपैकी कुणी हललं नाही.

"आई," ती म्हणाली, "तू तर तीनदा मोजलेलंस. मी बघितलेलं. मग असं का लिहिलंस?"