बालऔषधाचा तपासनीस कुठाय?

कंटेनर म्हणतात मला. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका ऑफिसात, रुग्णालयासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या पोटात मी राबतो. आज मी बोलणारच, कारण शेण दुसऱ्याने खाल्लंय आणि नाव माझं खराब झालंय.

माझं काम सरळ आहे. प्रोग्रॅमच्या कुठल्याही भागाला काही लागलं की तो माझ्याकडे मागतो. मी ते तयार करून त्याच्या हातात देतो. समजा चूक पकडणारा कोड, म्हणजे तपासनीस, हवाय; नुसतं 'तपासनीस द्या' म्हणून भागत नाही. कशाचा? ती मोकळी जागा मागणाऱ्याने भरायची. भरली की मी आधी नेमका त्याच प्रकारचा तपासनीस शोधतो. नाही मिळाला, तर 'कुठल्याही प्रकाराला चालेल' असा मोकळा साचा कुणी नोंदवलाय का बघतो, त्यात तो प्रकार घालतो आणि देतो. तोही नसेल तर बोंब ठोकतो, प्रोग्रॅम सुरूच होऊ देत नाही.

मला जुळवलं इथल्या प्रोग्रॅमरने, सलीलने. त्याने डोस तपासणारा तपासनीस लिहिला आणि नोंदवला 'औषध' या प्रकारासाठी. मुलांच्या वॉर्डाच्या भागाने मागितला 'बालऔषधा'चा. तुम्ही म्हणाल, बालऔषध म्हणजे औषधच की! तुमच्या लेखी असेल. माझ्या लेखी ते दोन वेगळे तपासनीस. मी बोंब ठोकली.

सलीलला घाई. "ए बाबा, गप बस ना!" म्हणाला आणि दिला एक मोकळा साचा नोंदवून. कुठलाही प्रकार घाला, हा काहीही न तपासता 'ठीक' म्हणणार. माझं तोंडच बंद झालं. गेल्या आठवड्यात एका बाळाच्या नावापुढे मोठ्या माणसाचा डोस आला, आणि त्याला आमचं 'ठीक'! वॉर्डातल्या नर्स शिखादींनी इंजेक्शन भरता भरता आकडा पाहिला, म्हणून बाळ वाचलं.

आणि हा सलील मीटिंगमध्ये काय सांगतो? "कंटेनरने चुकीचा तपासनीस दिला. त्याचा काही भरवसा नसतो." अरे, काही लाज?

त्याच्या शेजारी मधुवंती बसते. बालीगंजची, इथेच जन्मलेली. ऑफिसात मराठी ही दोघंच, त्यामुळे भांडणही मराठीतच. आज सकाळी तिने तो साचा सरळ काढून टाकला. मी लगेच लाल अक्षरांत ओरडलो: बालऔषधाचा तपासनीस नाही!

"मधुवंती, परत टाक ते. दुपारी रुग्णालयाची माणसं येतायत."

"नाही टाकणार, सलीलदा. आधी मुलांचा तपासनीस लिहू."

"आणि त्यांना दाखवू काय? हे?"

"हेच दाखवा. तोवर वॉर्डात कागदावर चालू दे."

"अगं, जरा सांभाळून घ्यावं लागतं."

"मग शिखादींना फोन लावा. सांगा, डोस कुणी तपासत नाही, पण स्क्रीन छान दिसतेय."

सलीलने फोन उचलला. नंबर काही लावला नाही. फोन ठेवला.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाला. पण मी ओरडतो तेव्हा काय मागतोय ते आधी वाचा, तोंडात बोळा कोंबू नका. आत्ता मी बंद आहे. पाहुणे येवोत नाहीतर साहेब, बंदच राहणार. बाळाचा डोस बघून 'नाही' म्हणणारा तपासनीस आणून द्या, मग उठतो.