मी, धुरपदाबाईंचा समोरचा दात

मी कोरेगाव भीमाच्या धुरपदाबाईंचा वरचा, अगदी समोरचा दात बोलतोय. जागाच अशी मानाची, की मला पहिल्यापासून थोडा तोरा आहे.

शेवंतीचं क्रेट टेम्पोत चढवताना त्याची कड माझ्यावर आदळली आणि माझी शीर मेली. रूट कॅनॉल झालं. तरी मुळाच्या टोकाशी पू झाला, म्हणून हिरडी उघडून टोक छाटलं आणि तिथे बूच बसवलं. वाटलं, सुटलो एकदाचा.

पुढच्या वर्षी हिरडीवर पुळी आली. बाईंनी ती अंगठ्यानं दाबली, मिठाच्या पाण्यानं चूळ भरली.

"फुटलं, म्हंजी बरं झालं," म्हणाल्या.

पुळी पुन्हा आली, पुन्हा फुटली. दर वेळी बाई खूश, आणि आत माझ्याभोवतीचं हाड विरत चाललेलं. मी ठणकून सांगणार तरी कसा? शीरच नव्हती.

शेवटी त्यांचा मुलगा मच्छिंद्र त्यांना शिरूरला डॉक्टर अपेक्षांकडे घेऊन गेला. तो सणसवाडीच्या कंपनीत आहे. पार्ट बिघडला की बदलायचा, ही त्याची रीत.

"मेलेला दात हाय, म्याडम. काढून टाका, नवा बसवू."

माझं धाबं दणाणलं.

डॉक्टरांनी एक्स-रे नीट पाहिला. "मावशी, पुळी फुटते, बरी होत नाही. टोकाचं बूच गळतंय. पुन्हा उघडून नवं बसवता येईल. पण दात वाचेलच, असं सांगत नाही."

"मूळ कुजलं तर आम्ही कुजकं छाटतो, रोप न्हाई फेकत," बाई म्हणाल्या. "करा तुम्ही."

काय त्या डॉक्टरांचा हात! जुनं बूच अलगद काढलं, कानाकोपरा धुतला, नवं बसवलं. कुठे घाई नाही की धसमुसळेपणा नाही. आणि बाई तर त्यांच्याही वरताण. बरं होईपर्यंत त्यांनी हिरडीला एकदाही अंगठा लावला नाही. ती सवय मोडणं किती अवघड, ते मीच जाणे. मला हात असते तर दोघींपुढे जोडले असते.

परवा पुन्हा एक्स-रे काढला.

"मुळाभोवती नवं हाड भरतंय," डॉक्टर म्हणाल्या.

मच्छिंद्रला उमगेना. "म्हंजी काय झालं, आई?"

"आरं, जीव धरला त्यानं!"

मला मेलेला म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा हो.