न दिलेल्या गोळ्या

साक्षी वर्गात पेंगते, असं शाळेतून तिसऱ्यांदा कळवलं गेलं, तेव्हा राजानंदने परस्पर तिची गोळी बंद केली. बायकोला, प्रियदर्शनीला, त्याने सांगितलं नाही. ती बदनापूरहून जालन्याला नोकरीला जायची, यायला उशीर व्हायचा. संध्याकाळची गोळी देणं त्याच्याकडेच होतं.

सहा वर्षांच्या साक्षीचा आजार हजारोंत एखाद्यालाही होत नाही असा. तान्ही असल्यापासून कधी तिचं डावं अंग लुळं पडायचं, कधी उजवं. झोपून उठली की हातपाय परत चालायला लागायचे. गोळी सुरू झाल्यावर हे झटके कमी झाले, हलकेही झाले. मागच्या सात महिन्यांत तर एकही आला नव्हता. पोरगी बरी झाली, असं राजानंदच्या मनाने घेतलं. गोळी थांबली आणि ती खरंच तरतरीत झाली. संमेलनाच्या नाचात बाईंनी तिला पुढच्या रांगेत घेतलं. आपण बराबर केलं, असं त्याला वाटलं.

विसाव्या दिवशी सकाळी पोहे खाताना तिच्या हातातून चमचा गळाला. डावी बाजू गेली होती. झोपून उठली की जरा हालचाल यायची, पण अर्ध्या तासात हात पुन्हा लोंबायचा. तिसऱ्या दिवशी उजवी बाजूही गेली, पाणी गिळता येईना. बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. ती नुसती बापाकडे बघत राहायची.

संभाजीनगरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी चुकली होती का?

"एक दिवस न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली. "हे स्वतः देतात."

मग हे औषध आता लागू पडत नाही, बंद करून दुसरं बघू, असं म्हणत डॉक्टरबाई लिहायला लागल्या.

"मॅडम, गोळी मीच बंद केल्ती," तो म्हणाला. "बावीस दिवस झाले. हिला ठाऊक न्हाई."

प्रियदर्शनीने वळून त्याच्याकडे बघितलं. गोळी चालू असतानाही झटका येऊ शकतो, डॉक्टरबाई म्हणाल्या. पण झोपेची तक्रार मला सांगायची होती, वेळ बदलून बघितली असती. त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

गोळी पुन्हा सुरू झाली. झटक्याच्या सहाव्या दिवशी साक्षीने आपल्या हाताने पेला धरला. संमेलन होऊन गेलं होतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर प्रियदर्शनीने गोळ्या त्याच्याच हातात दिल्या. दुसरं होतं कोण? आता रोज सात वाजता तिचा फोन येतो. दिली का, एवढंच विचारते. राजानंद स्वतः उत्तर देत नाही. फोन साक्षीच्या कानाला लावतो.