अकरा नंबरची बाटली

मी चौथीपर्यंत शिकले, तेही तिसरीत दोनदा बसून. पण दुधाबद्दल मला कोणी शिकवू नये. आमच्या गोठ्यात चाळीस गायी आहेत आणि आमच्या दुधाला आजवर कोणी पातळ म्हटलेलं नाही. म्हणायची छाती नाही कोणाची.

माझी सून सरकारी कचेरीत आहे. तिचं काम असं : शेतात तण मारायला औषध फवारतात, ते थोडं चाऱ्यावर राहतं, चारा गायीच्या पोटात जातो आणि त्यातलं कणभर दुधात उतरतं. दुधात ते किती असलेलं चालेल, तो आकडा हिने ठरवून समितीपुढे ठेवायचा. आकड्याच्या वर गेलेलं दूध विकायचं नाही, कायदाच तसा. नवी आली तेव्हा मी विचारलं होतं, "म्हणजे तू दिवसभर विष मोजतेस?" तर म्हणाली, "मोजणारे वेगळे आहेत, आई. मी त्याला वेसण घालते." तेव्हापासून ती मला आवडते. तिला सांगितलेलं नाही.

या एका औषधावर ती तीन वर्षं बसली होती. वीस गोठे चिठ्ठ्या टाकून निवडले, बाटल्यांवर नुसते नंबर, कोणाचा गोठा कोणता हे तिलाही ठाऊक नाही. आकडे शतांशात असतात म्हणे, मी आपलं दोन आणि पाच म्हणते. तिने दोनवर रेघ मारायची ठरवली होती.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ती घरी आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात बसली.

"काय गं, तोंड का नासलेल्या दुधासारखं?"

"एक नमुना पाच आलाय, आई. बाकीचे एकोणीस दोनच्या आत. कंपनीचा माणूस म्हणतो, नियमाने फवारूनही एखाद्या गोठ्यात पाच उतरतं, तर कायदा पाचचाच करा."

"मग कर पाच. दोन काय नि पाच काय!"

"दोन असेल तर दिवसभर दुधावर असणाऱ्या पोरालाही काही होत नाही. पाचला ते अगदी काठावर येतं. मला नको ते काठावर."

माझी दोन वर्षांची नात तेव्हा टेबलाखाली बसून दुसरा पेला संपवत होती.

"कोणाचा गोठा तो? सांग फक्त, कान उपटून येते."

"माहीत नाही. नंबर अकरा. फॅटसुद्धा नऊ टक्के आलंय, एरवी गायीच्या दुधाला निम्मंही नसतं. हे औषध पाण्यात विरघळत नाही ना, स्निग्धात जाऊन बसतं. कंपनीचा तो टायवाला म्हणतो, असते एखादी जातिवंत गाय."

माझ्या हातातली पळी तिथेच थांबली. गोठ्याच्या दारामागे खिळ्याला दुधाच्या नमुन्याची एक पावती अडकवलेली होती. तिच्यावर अकराचा आकडा होता.

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी नमुने नेणारा बाटलीवाला सकाळी आला होता. आमचा गोठा निवडलाय हे कोणाला सांगू नका म्हणाला, म्हणून मी सुनेलाही सांगितलं नव्हतं. माझी जीभ तिखट आहे, सैल नाही. आदल्या संध्याकाळचे कॅन थंड पाण्याच्या टाकीत उभे होते आणि वर चार बोटं साय आली होती. रीत अशी, की त्याने दूध ढवळून स्वतः बाटली भरायची. पण मला वाटलं, सरकार दूध तपासणार, मग माझं दूध कसं दिसायला हवं? "आधी ते बूट धुऊन या, माझ्या गोठ्यात चिखल चालत नाही," म्हणून मी त्याला नळावर पाठवलं आणि अलगद वरवरचं दूध बाटलीत भरलं. तो आला तेव्हा झाकण लावून झालं होतं. बिचारा माझ्याशी काय वाद घालणार!

सायीबरोबर औषधही वर येतं, हे मला कुठे ठाऊक? मिरवायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण करून बसले.

त्या संध्याकाळी सुनेला सांगायला तोंड उघडलं आणि "भात घे अजून" म्हणून मिटलं. वीस वर्षं मी ज्या दुधाच्या जिवावर नाक वर करून चालले, त्याचं हे असं झालेलं. सुनावणीत कोणीही येऊन बोलू शकतं म्हणे, परक्यांपुढे सांगणं सोपं जाईल असं वाटलं. ती परक्यांमध्येच बसलेली असणार, हे मात्र दुसऱ्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकल्यावर सुचलं.

लांब टेबल, पाण्याचे पेले, समोर समितीच्या अध्यक्षीणबाई. टायवाला उभा राहून माझ्या गायींचं कौतुक करत होता. एरवी मी खुर्ची पुढे ओढून ऐकलं असतं.

"कोणाला काही म्हणायचंय?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मी उठले. सुनेच्या हातातलं पेन खाली पडलं. "आई? तुम्ही इथे?"

"अकरा नंबर माझा," मी पावती टेबलावर ठेवली. "आणि त्या बाटलीत दूध नव्हतं, साय होती. मी भरली. बाटलीवाल्याला नळावर पाठवून."

टायवाला हसला. "मावशी, यातलं तुम्हाला काय कळतं? नऊ फॅटच्या गायी असू शकतात."

"माझ्या नाहीत! टाय तुला चांगला बांधता येतो, पण गाय उलटी टांगलीस तरी ती नऊ देणार नाही. ये गोठ्यावर, तूच पीळ."

अध्यक्षीणबाईंनी तोंडापुढे कागद धरला, पण खांदे हलत होते. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. "गोठा तुमच्या घरचा आहे?"

"मला आत्ताच कळतंय," ती म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती.

ठरलं ते असं : अकरा नंबरचा नमुना बाद. नवा घ्यायचा, तो दुसऱ्या अधिकाऱ्याने, टायवाल्याच्या डोळ्यांदेखत. सुनेने लांब राहायचं.

घरी येताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती. फाटकापाशी म्हणाली, "काल सांगितलं असतं तर?"

"काल लाज वाटत होती."

"आणि आज?"

"आजही वाटली. पण आज पोरीचा पेला आठवला."

ती हसली आणि माझी पिशवी तिने स्वतःच्या हातात घेतली.

नवा नमुना घेताना मी कॅन तळापासून इतका ढवळला, की अधिकारी म्हणाला, "आजी, पुरे, लोणी निघेल!" पंधरा दिवसांनी सून धावतच आत आली.

"दोनच्या आत, आई! एक पूर्णांक सहा. समितीने दोनच कायम केलं!"

"आणि फॅट?"

"चार."

"चारच?"

"चार चांगलं असतं, आई."

"शेजारणीचं किती?"

"ते मलाही ठाऊक नसतं, नुसते नंबर." पण ओठ दाबून हसली, म्हणजे माझ्यापेक्षा जास्तच असणार. दोन दिवस मी त्या शेजारणीशी बोलले नाही.

नियमात आता वेगळी ओळ आहे : नमुना घेणाऱ्याने दूध तळापासून स्वतः ढवळावे, मालकाने बाटलीला हात लावू नये. सुनेने वाचून दाखवली. माझं नाव त्यात नाही, पण चौथी शिकलेल्या बाईमुळे कायद्यात ओळ वाढते, हे कमी आहे का?

"पुढच्या महिन्यापासून अंडी," ती काल म्हणाली. "पुन्हा वीस जागा, पुन्हा चिठ्ठ्या. आई, आधीच सांगते, आपली चिठ्ठी निघाली तर मोठी मोठी निवडून द्यायची नाहीत."

"मला काय तेवढंच काम आहे?" मी म्हटलं.

ती आत गेल्यावर, अंड्यांची कुणकुण लागल्यापासून कपाटामागे जमवलेली आमच्या कोंबड्यांची डझनभर मोठी अंडी मी काढली आणि गुपचूप पुन्हा टोपलीत मिसळली.